दारफळणीच्या दिवशी मी कडी लावली

कीमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीत टिटवाळ्याच्या एक बाई असायच्या. सलाईन सुरू झालं की आम्ही दोघी मिळून जगाची निंदा करायचो. शेवटच्या वेळी त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? मग लिहा की हे सगळं. पण धीर देणारं नको हो. धीर देणाऱ्यांनी वीट आणलाय." म्हणून लिहायला बसलेय. ज्यांना पॉझिटिव्ह राहण्याचे उपाय हवे असतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. माझ्याकडे ते नाहीत.

मी लिया. वय एकसष्ट, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि जिभेची तिखट. नवरा सॅमसन आणि मी कोपरला राहतो. मुलगा रूबेन इस्राएलला असतो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, कालवणात नारळाचं दूध. इमारतीत कोणी नवीन राहायला आलं की विचारतं, "म्हणजे ख्रिश्चन का?" मग सॅमसन त्याला बसवून पहिल्यापासून सगळं समजावतो. मी तोवर आत जाऊन भांडी आपटते.

मानेला गाठ आली तेव्हा मी ती दोन महिने ओढणीखाली लपवली. हे आधी सांगून टाकते, कारण असं करणाऱ्या बायका खूप असतात. शेवटी ठाण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुढ्यात ठेवून "लिम्फोमा" म्हटलं, मग "रक्ताच्या कॅन्सरचाच प्रकार" असं म्हटलं, आणि मग माझ्याकडे न बघता सॅमसनकडे बघत राहिले. सॅमसनने विचारलं, "डॉक्टर, हिला आंबा चालेल का?"

आंबा! मला मरण सांगितलंय आणि हा माणूस आंबा विचारतोय. बाहेर रिक्षात बसल्यावर मी त्याला इतकं बोलले, की रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला. सॅमसन घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडत होता. नळाच्या आवाजाने रडणं लपतं असं या पुरुषांना कोण शिकवतं कोणास ठाऊक.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शेगुलावन्सं उभ्या. सॅमसनची मोठी बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली, कल्याणला एका खोलीत एकट्या राहतात. हातात एक बॅग आणि बगलेत प्रार्थनेचं पुस्तक. "मी आलेय," एवढंच म्हणाल्या आणि थेट ओट्यापाशी गेल्या.

इथून पुढे आमच्या घरात जे काही झालं ते त्यांच्या जिवावर झालं. कीमोला सोबत त्या. नर्सला शीर सापडत नसली की माझा दुसरा हात धरून बसायच्या त्या. घरी आल्यावर माझ्यासमोर तसराळं धरायच्या, ओकून झालं की तोंड पुसायच्या, तसराळं धुवायच्या, परत आणून ठेवायच्या. केस गळायला लागले तेव्हा मशीन घेऊन त्यांनीच उरलेले काढले. आजारपणात माणूस म्हणे मऊ होतो. मी तर रोज थोडी जास्त दुष्ट होत गेले. त्यांच्या हाताला लसणाचा वास येतो म्हणून मी त्यांना माझ्या उशीला हात लावू देत नसे. एकदा गुरगुट्या भाताची वाटी भिंतीवर फेकली. त्यांनी भिंत पुसली आणि दुसरी वाटी आणली. मला तर वाटतं, मी त्या दिवसांत त्यांना हरवायला निघाले होते, आणि त्या हरत नव्हत्या. त्याचा मला आणखी राग.

सगळ्यात राग कशाचा यायचा सांगू? त्या दर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून म्हणायच्या, "आभार मान गं, लिया. आज जेवलीस ना दोन घास? मग मान." मी म्हणायचे, "तुमच्या देवाला सांगा, उरलेले घास पण गिळता आले की मग एकदमच मानते."

*

तिसऱ्या कीमोनंतर आमचे सण आले. आधी नव्याचा सण, आमचं नवं वर्ष. त्यानंतर दहाव्या दिवशी दारफळणी. पुस्तकात तिला योम किपूर म्हणतात, पण आमच्या आज्या दारफळणी म्हणायच्या, म्हणजे दारं बंद करण्याचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. पांढरे कपडे, दार बंद, बाहेरच्यांशी बोलणं नाही. इमारतीतल्या जुन्या लोकांना हे पाठ आहे. त्या दिवशी आमची बेल कोणी वाजवत नाही, दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून जातो.

लहानपणापासून ऐकलेलं, की नव्याच्या सणाला पुढच्या वर्षाचं लिहिलं जातं, कोण जगणार, कोण जाणार, आणि दारफळणीला त्यावर शिक्का बसतो. मी गणिताची बाई. असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. पण त्या वर्षी मला हसू येईना. रिपोर्ट अजून धड नव्हता. मला शिक्क्याची भीती वाटायला लागली. म्हणून मी ठरवलं, उपास करायचा. कोणाला न सांगता, पूर्ण.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात, पाणी आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि ताप आला तर तासाभरात हॉस्पिटल गाठायचं. धर्मही तेच सांगतो. आजारी माणसाने उपास केला तर ते पुण्य नाही, पाप आहे. हे सगळं मला माहीत होतं.

सॅमसन आदल्या संध्याकाळीच ठाण्याला गेला. आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि हल्ली दहा जमवायची मारामार, म्हणून तो सिनेगॉगजवळच्या नातेवाइकांकडे राहिला. त्या दिवशी आम्ही वाहनात बसत नाही. जाताना बहिणीला म्हणाला, "एक दिवस. तुझ्यावर सोपवून जातोय." वन्सं आयुष्यात पहिल्यांदा दारफळणीला सिनेगॉगला गेल्या नव्हत्या. माझ्यासाठी.

सकाळी मी त्यांच्या नकळत दूध मोरीत ओतलं. गोळ्या उशीच्या अभ्र्यात. अकराच्या सुमाराला मला कणकण जाणवायला लागली. मी चादर घट्ट लपेटली आणि गप्प राहिले. दुपारी वन्सं पाण्याचा पेला घेऊन आल्या. स्वतःचे ओठ सुकून पांढरे पडलेले, उपास होता त्यांचा. उशी सारखी करायला गेल्या आणि गोळ्या खाली सांडल्या.

त्यांनी त्या वेचल्या. मग म्हणाल्या, "हे काय गं? हा उपास तुला नाही. तुझा जीव या दिवसापेक्षा मोठा आहे. घे, पी आधी."

"नाही पिणार."

"वेडेपणा करू नकोस, लिया. अंग बघू..."

त्यांनी कपाळाकडे हात नेला. तो मी झटकला. पेला खाली पडला. आणि मग मी ते बोलले. मी ते इथे जसंच्या तसं लिहितेय, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तेच आहे. मी म्हणाले, "देवाला या घरातली एक बाई न्यायचीच असेल, तर त्याने तुम्हाला न्यावं. तुमच्यामागे रडायला आहे कोण? दुसऱ्याच्या आजारपणावर जगताय तुम्ही. माझं दुखणं म्हणजे तुमचा संसार झालाय. निघा इथून!"

त्यांनी पाणी पुसलं. पेला ओट्यावर ठेवला. पुस्तक घेतलं, कापडी चपला घातल्या. दारात थांबून म्हणाल्या, "कडी लावू नकोस."

मी उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले, आणि कडी लावली.

*

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला शेजारच्या सुनंदा कांबळेने नंतर सांगितलं.

वन्सं गेल्याच नाहीत. जाणार कुठे? त्या दिवशी त्या ट्रेनमध्ये बसणार नाहीत, रिक्षात बसणार नाहीत. पांढरी साडी नेसून, तोंडात पाण्याचा थेंब नसताना, त्या आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसून राहिल्या. सुनंदाने कपडे काढायला दार उघडलं तर ही म्हातारी जिन्यात.

"अहो मावशी, इथे काय करताय?"

"काही नाही गं. आत उकडतंय. वाऱ्याला बसलेय."

"पाणी आणू?"

"आज चालत नाही."

सुनंदाच्या मनात आलं, बेल वाजवून लियाताईंना विचारावं. पण आज यांचा दार बंदचा दिवस, म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने तिला धाडकन आवाज आला. मोरीकडे जाताना मी पडले होते. वन्संनी दार बडवायला सुरुवात केली. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. सुनंदाचे मिस्टर हातोडी घेऊन आले आणि त्यांनी कडी तोडली.

खाली रिक्षा आली. सुनंदा म्हणाली, "मावशी, तुम्ही राहू द्या, तुमचा आज बसायचा दिवस नाही ना." वन्सं आधीच आत चढल्या होत्या, माझं डोकं मांडीवर घेऊन. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा दारफळणीला त्या वाहनात बसल्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

*

आयसीयूत तिसऱ्या दिवशी मला शुद्ध आली. सॅमसन शेजारी होता, दाढी वाढलेली.

"तू कडी लावून आत एकटी कशी? शेगुला बाहेर का होती?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला सगळं आठवत होतं, शब्द न् शब्द. पण डोक्यात एकच विचार आला, याला कळलं मी काय बोलले, तर हा मला सोडून देईल. नळ्या लावलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मी म्हणाले, "मला काही आठवत नाही."

सॅमसनने वन्संना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिला विचार." आणि सुनंदाने बिचारीने जे ऐकलं होतं तेच सांगितलं, मावशी वाऱ्याला बाहेर बसलेल्या. माझी अब्रू झाकायला वन्सं जे खोटं बोलल्या, तेच त्यांच्यावर उलटलं.

वॉर्डाच्या दाराशी सॅमसन बहिणीवर ओरडला. मी डोळे मिटून ऐकत होते. "एक दिवस! एक दिवस सोपवलं होतं तुझ्यावर! वारा खायला जाऊन बसलीस? ही मेली असती तर काय सांगणार होतीस मला?" वन्संनी एक शब्द काढला नाही. त्यांना वाटलं असेल, मी डोळे उघडेन. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी नाही उघडले डोळे. त्या संध्याकाळी त्यांची बॅग कल्याणला गेली.

मग भेटायला येणारे सुरू झाले. एक जण म्हणाला, एलियाहू हनबीने शेजाऱ्यांना बुद्धी दिली. एलियाहू हनबी म्हणजे आमचा प्रेषित, अडल्यानडल्याला धावून येणारा. रूबेनने व्हिडिओवर त्याच्या बाल्कनीतला मांडव दाखवला. दारफळणीनंतर लगेच आमचा मांडवाचा सण येतो. म्हणाला, "आई, वाळवंटात चाळीस वर्षं देवाने आपल्या लोकांवर ढगांचं छप्पर धरलेलं. तसंच तुझ्यावर धरलं बघ." मी हसून मान हलवली. माझ्यावर कोणी काय धरलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला मी घराबाहेर काढून वर दोषी ठरू दिलं होतं.

उरलेल्या कीमो सॅमसनच्या करपलेल्या पोळ्यांवर काढल्या. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज उलटी व्हायची, आणि तसराळं धरायला सॅमसनच असायचा, आणि मी म्हणायचे, उद्या.

*

शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. सॅमसन मलिद्याचा नवस बोलला होता. आमच्यात संकटातून सुटका झाली की घरी मलिदा करतात, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं, आणि एलियाहू हनबीचं गाणं. ठाणे, कल्याण, अंबरनाथहून दहा पुरुष जमवले. बहिणीला बोलावलं नाही.

गाणं झालं. सॅमसन उभा राहिला. "ज्या माणसावर मी हिला सोपवून गेलो, त्याने पाठ फिरवली," तो म्हणाला, "पण वरच्याने नाही फिरवली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मरणातून उठलेल्याने दहा जणांसमोर देवाचे आभार मानायचे असतात, त्याचा एक छोटा आशीर्वाद आहे. आता माझी पाळी होती. मी डोक्याचा स्कार्फ सारखा केला आणि तोंड उघडलं. त्या आशीर्वादाचा अर्थच असा, की लायकी नसलेल्यांचंही तू भलं करतोस. तिथे मी अडकले.

मी हिब्रू सोडून मराठीत आले आणि सगळं सांगितलं. गोळ्या, पेला, मी काय बोलले ते, कडी, आणि आयसीयूतलं खोटं.

सॅमसनचा चेहरा मला आजही नीट सांगता येणार नाही. शेवटी अंबरनाथचे एक म्हातारे काका म्हणाले, "बरं, मलिदा वाटा आता. केळी काळी पडतायत." आणि लोकांनी मलिदा खाल्ला. काय करतील बिचारे?

सॅमसन दुसऱ्या दिवशी कल्याणला गेला. बहिणीने त्याला आत घेतलं, चहा दिला. माझ्याशी तो कितीतरी दिवस बोलला नाही. औषधाची वेळ झाली की गोळी टेबलावर ठेवायचा आणि जायचा. मला सोडून गेला मात्र नाही. ज्या भीतीने मी खोटं बोलले, ती भीतीच खोटी होती. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच लाज वाटली.

*

आमच्या धर्मात एक सोय नाही. देवाशी केलेला गुन्हा दारफळणीला धुतला जातो, पण माणसाशी केलेला नाही. तो त्या माणसाकडेच जाऊन मिटवावा लागतो. तीनदा मागायची माफी. तीनदा नाही म्हटलं, तर मागणारा सुटला असं धरतात.

मलिद्यानंतरच्या आठवड्यात मी कल्याणला गेले. वन्संनी सेफ्टी डोअर उघडलं नाही. जाळीतून म्हणाल्या, "बरी आहेस ना? झालं तर मग. जा."

दुसऱ्यांदा पुढच्या दारफळणीच्या आधी गेले. या वेळी बसायला खुर्ची दिली. मी माफी मागितली, रडले. त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू बोललीस त्याचं नाही एवढं. आजारी माणूस बोलतं. पण तू डोळे मिटून पडून राहिलीस, ते? सॅमसन ओरडत होता तेव्हा तुझ्या पापण्या हलत होत्या, लिया. मी बघत होते." मी उठून आले.

तिसरी वेळ मांडवाच्या सणाला. ठाण्याला सिनेगॉगच्या अंगणात झावळ्यांचा मांडव घालतात, त्याला फळं टांगतात. त्याचा नियम असा, की छप्पर पक्कं चालत नाही. झावळ्यांतून आभाळ दिसलं पाहिजे, वारा आत आला पाहिजे. भक्कम घर सोडून आठवडाभर अशा डुगडुगत्या आडोशाला बसायचं, म्हणजे आपल्याला खरं कोण सांभाळतं ते ध्यानात येतं. लहानपणापासून हे ऐकलेलं. मला ते समजायला कडी लावून मरायची वेळ यावी लागली.

वन्सं कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. माफीचे शब्द तयार होते, पण अचानक लक्षात आलं, की दोन्ही वेळा मी माझी सुटकाच मागत होते. त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

"वन्सं," मी म्हणाले, "तुम्ही मला वाचवलंत. हाकलल्यावर बसून राहिलात. माझ्यासाठी रिक्षात बसलात. मी तुमची आभारी आहे."

त्या समोर बघत म्हणाल्या, "वर्ष लागलं तुला."

"हो. आणि माफीही मागते. ही तिसरी वेळ."

"नाही केलं माफ."

आजूबाजूला पोरं फळं ओढत होती, कोणीतरी त्यांना दटावत होतं. मी मान खाली घालून उठायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट, शीर सापडत नसताना धरायच्या तसंच.

"तीनदा विचारलं की सुटले, असलं गणित माझ्याकडे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "दर वर्षी येऊन विचारायचं. एखाद्या वर्षी हो म्हणेन. आणि तोवर मरायचं नाही, कळलं?"